बॅकअप रोज घेता, पण कधी रिस्टोअर करून पाहिलाय का?

दूध संस्था, सोसायटी, पतसंस्थांचा हिशेब आता कॉम्प्युटरवर. पेन ड्राइव्हमधली प्रत अडचणीच्या दिवशी चालेल का, हे आधीच तपासण्याची सोपी रीत

दहा दिवसांचं दूध बिल वाटायच्या आदल्या सकाळी जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. संकलनाची वेळ, बाहेर किटल्यांची रांग. सचिवांनी दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं, मग जुनी वही काढून दूध हातानं लिहून घेतलं. दुपारी तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. हार्ड डिस्क गेलीय, नवीन टाकावी लागेल, असं त्याने सांगितलं. सचिव निवांत होते. "टाका नवीन. मी रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हला बॅकअप घेतो, काही काळजी नाही," ते म्हणाले.

नवीन डिस्क बसली, सॉफ्टवेअर टाकलं, पेन ड्राइव्ह लावला. आत एकच फाइल होती आणि तीही जेमतेम दोन केबीची. गावातल्या सगळ्या उत्पादकांचं दूध, फॅट, एसएनएफ, उचल, पशुखाद्याची कपात एवढ्याशा फाइलमध्ये मावणं शक्यच नव्हतं. झालं होतं असं, की स्क्रीनवर सॉफ्टवेअरचं जे छोटं चित्र दिसतं, तेच सचिव रोज पेन ड्राइव्हवर कॉपी करत होते. ते चित्र म्हणजे फक्त शॉर्टकट. घराच्या दारावरची पाटी रोज उचलून नेली आणि घर तिथंच राहिलं, असा प्रकार. दीड वर्ष, एकही दिवस न चुकता.

पुढचा आठवडा उत्पादकांच्या घरोघरी जाऊन पावत्या गोळा करण्यात गेला. कोणाच्या पावत्या खिशात भिजलेल्या, कोणाच्या उन्हाने पुसट झालेल्या. संघाच्या टँकरच्या पावतीवरून एकूण दूध कसंबसं जुळलं. पण कोणाची उचल किती फिटली, कोणाच्या नावावर पशुखाद्याची किती पोती बाकी, हे दुधाच्या पावतीवर नसतंच. तिथं वाद झाले. बिल लांबलं आणि सचिवांवर नको नको ते आरोप झाले. माणूस प्रामाणिक, काम रोजचं. चूक एकच होती: घेतलेली प्रत चालते का, हे दीड वर्षात कोणीही एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

हिशेब नेमका असतो कुठे?

गावातला बहुतेक पैशाचा व्यवहार आता कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये जातो. डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरमधली खतावणी समजा. सभासदांची यादी एका तक्त्यात, रोजच्या नोंदी दुसऱ्यात, कर्ज तिसऱ्यात आणि हे सगळे तक्ते खाते क्रमांकाने एकमेकांना बांधलेले. आपण स्क्रीनवर जे सॉफ्टवेअर उघडतो ते या खतावणीचं फक्त दार. ते पुन्हा कधीही टाकता येतं, कंपनी पुन्हा देते. आतल्या नोंदी मात्र कोणी पुन्हा देत नाही.

त्यासाठी बॅकअप, म्हणजे या नोंदींची दुसरीकडे ठेवलेली प्रत. आणि रिस्टोअर म्हणजे त्या प्रतीतून हिशेब परत उभा करणं. गंमत अशी, की बॅकअप घेण्याची आठवण सगळे करून देतात. सॉफ्टवेअर बंद करताना खिडकी येते, "बॅकअप घ्यायचा का?" आपण "हो" म्हणतो, हिरवी पट्टी पळते, "यशस्वी" असं दिसतं. रिस्टोअर करून पाहा, असं मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ते बटण बहुतेक संस्थांमध्ये पहिल्यांदा दाबलं जातं ते संकटाच्या दिवशीच.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवणाऱ्याला ही बाब लगेच कळेल. पोत्यात सोयाबीन आहे म्हणजे बियाणं आहे, असं कोणी धरत नाही. पेरणीआधी उगवण चाचणी घेतो. पोत्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटावर किंवा कागदाच्या घडीत ओळीने मांडायचे, गुंडाळी सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवडाभराने उघडून कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त दाणे उगवले तर बियाणं पेरायला योग्य. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी असले तर पेरणीआधीच दुसरं बियाणं बघायचं. कृषी विभाग दर खरिपाआधी गावोगावी हेच सांगतो.

वरून दाणा टपोरा, पिवळाधमक दिसतो. मळणीच्या वेळी मार लागलेला, साठवणीत ओल धरलेला दाणा डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. तो कळतो पाण्यात घातल्यावरच.

बॅकअपचं अगदी तसंच. पेन ड्राइव्हमध्ये फाइल दिसते, तारीख आजची दिसते, आकारही मोठा दिसतो. ती आतून चांगली की किडकी, हे कळण्याचा मार्ग एकच: तिच्यातून हिशेब उभा करून पाहणं. पेरणीच्या दिवशी चाचणी घेऊन उपयोग नाही, तसंच डिस्क गेल्यावर पाहून उपयोग नाही.

मोठ्यांचंही हेच झालं

खेड्यातल्या सचिवाला शॉर्टकट आणि डेटा यातला फरक कळला नाही, मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल, असं कोणाला वाटेल. तर गिटलॅबची गोष्ट ऐका. प्रोग्राम लिहिणारी जगभरातली माणसं आपलं काम या कंपनीच्या संगणकांवर ठेवतात. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तिथल्या एका अनुभवी इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी एवढाच डेटा उरला होता.

चूक कोणाच्याही हातून होते. खरा धक्का पुढे बसला. रोज आपोआप बॅकअप निघण्याची सोय होती. तो जिथं साठायचा ती जागा उघडली तर रिकामी. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारं साधन 9.2 आवृत्तीचं, त्यामुळे ते दर वेळी अपयशी ठरत होतं. अपयश आलं की ईमेल जाण्याची व्यवस्था होती, पण ते ईमेल तांत्रिक कारणाने वाटेतच नाकारले जात होते. म्हणजे बॅकअपही नाही आणि तो नसल्याची खबरही नाही. डिस्कची प्रत घेण्याची आणखी एक सोय होती, ती डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती.

कंपनी वाचली ती योगायोगाने. त्याच इंजिनिअरने दुसऱ्या एका चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत काढली होती. ती हळू चालणाऱ्या डिस्कवर असल्याने परत आणायलाच सुमारे 18 तास गेले. मधल्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच: कंपनीच्या अंदाजाने सुमारे 5,000 प्रकल्पांत केलेले बदल, तेवढ्याच टिप्पण्या आणि 700 च्या आसपास नवीन खाती.

कंपनीने नंतर सगळा प्रकार न लपवता जाहीर लिहिला. बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती, या प्रश्नाचं त्यांनीच दिलेलं उत्तर आपल्या संस्थांनी भिंतीवर लावावं असं आहे. ते काम कोणाचं, हेच ठरलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, दुसरा कोणीतरी बघत असेल.

बॅकअप कुठे कुठे फसतो?

गावपातळीवर दिसणारे प्रकार साधारण असे.

1. चुकीची वस्तू कॉपी होते. शॉर्टकट, किंवा मागच्या वर्षाचा फोल्डर. आर्थिक वर्ष बदललं, सॉफ्टवेअरने एप्रिलपासून नवीन फोल्डर केला आणि बॅकअप मात्र जुन्याचाच चालू राहिला. तारीख रोज नवी, आत हिशेब मार्चपर्यंतचाच.

2. काम चालू असताना फाइल कॉपी केली जाते. एका खात्याला रक्कम नावे पडली, दुसऱ्याला जमा व्हायची आहे आणि त्याच क्षणी प्रत घेतली गेली, तर त्या प्रतीत जमा-नावे जुळणार नाही. कधी कधी अशी फाइल उघडतच नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची जी स्वतःची सोय असते तीच वापरावी. तसं नसेल तर सर्व कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून मगच कॉपी करावी.

3. पेन ड्राइव्ह खराब असतो. कॉपी होताना कुरकुर करत नाही, उघडताना करतो. बाजारातल्या स्वस्त मालात आकार 64 जीबी छापलेला आणि प्रत्यक्षात जागा त्याच्या पाव, असेही निघतात. जागा संपल्यावर पुढचा डेटा नुसता गेल्यासारखा दिसतो.

4. पासवर्ड हरवतो. बॅकअपला कुलूप लावलं ते योग्यच, पण पासवर्ड आधीच्या क्लार्कला माहीत होता आणि तो काम सोडून गेला.

5. आवृत्ती जुळत नाही. बॅकअप जुन्या आवृत्तीचा, नवीन कॉम्प्युटरवर टाकलेलं सॉफ्टवेअर नवीन, किंवा उलट. कुठे लायसन्सची चावी लागते आणि ती जुन्या मशीनलाच बांधलेली असते.

6. मराठी नावं बिघडतात. आकडे नीट येतात, पण सभासदांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन. खाते क्रमांक पाठ असलेला सचिव असेल तोवर निभतं, नाहीतर कोणाचे पैसे कोणाला, हाच प्रश्न.

या सहापैकी एकही दोष बॅकअप घेताना सहसा दिसत नाही. सहाही रिस्टोअर करताच दिसतात.

सराव कसा करायचा?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना: चालू कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून पाहू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रिस्टोअर केलं की आधीच्या नोंदींवर जुनी प्रत चढते. कालचा बॅकअप तपासायला गेलात आणि आजचं संकलन पुसून बसलात, असं व्हायला नको. सरावासाठी दुसरा कॉम्प्युटर घ्या. संस्थेचा जुना, कोपऱ्यात पडलेला असला तरी चालेल, फक्त सॉफ्टवेअर चालण्याएवढा हवा. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला आधी सांगून ठेवा, लायसन्स लागत असेल तर तो चाचणीपुरती सोय करून देऊ शकतो.

मग या क्रमाने जा.

आधी चालू कॉम्प्युटरवरून त्या दिवशीचे चार आकडे कागदावर लिहून घ्या: एकूण सभासद, शेवटच्या नोंदीची तारीख आणि क्रमांक, तेरजेची बेरीज आणि हातातली रोख शिल्लक. त्यानंतर नेहमीप्रमाणे बॅकअप घ्या, काही वेगळं करू नका. रोज जसा निघतो तसाच तपासायचा आहे.

तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. घड्याळात वेळ बघून लिहा. सॉफ्टवेअर टाकण्यापासून रिस्टोअर होऊन लॉगिन होईपर्यंतचा सगळा वेळ मोजा.

उघडलं म्हणजे झालं असं समजू नका. कागदावरचे चारही आकडे जुळवा. तेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे. मग कोणतेही पाच सभासद निवडा आणि त्यांचे खातेउतारे पासबुकाशी ताडून पाहा. निवडताना एक जुना सभासद घ्या, एक याच महिन्यातला नवा, एक कर्जदार, एक उचल चालू असलेला आणि एक ज्याच्या नावात जोडाक्षर आहे असा. नाव नीट उमटलं तर अक्षरांची भीती गेली. शेवटी एक बिल किंवा उतारा छापून पाहा, कारण अडचणीच्या दिवशी लोकांच्या हातात तोच द्यायचा असतो.

हे सगळं एका नोंदवहीत लिहा. तारीख, कोणती प्रत वापरली, कोणत्या कॉम्प्युटरवर, किती वेळ लागला, काय जुळलं, काय जुळलं नाही, कोणी केलं आणि सही. काही जुळलं नाही तर ती नोंदसुद्धा चांगलीच बातमी आहे. कारण मूळ कॉम्प्युटर अजून चालू आहे, दुरुस्तीला वेळ आहे.

शेवटची गोष्ट विसरली जाते. सरावाच्या कॉम्प्युटरवर आता सगळ्या सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल नंबर आलेले असतात. काम झालं की तिथला डेटा पुसून टाका. हा सराव कोणाच्या खासगी लॅपटॉपवर किंवा बाजारातल्या कॅफेवर करू नका.

किती दिवसांनी?

रोज बॅकअप घेणाऱ्या छोट्या संस्थेने महिन्यातून एकदा एवढा सराव केला तरी पुष्कळ झालं. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल, पुढे तास-दोन तासांत आटपेल. याशिवाय तीन वेळा तो न चुकता करावा: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकल्यावर, कॉम्प्युटर किंवा क्लार्क बदलल्यावर आणि मार्चअखेरीच्या आधी. 31 मार्च हा जगभर 'बॅकअप दिन' म्हणूनही पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी ताळेबंदाच्या धावपळीत कोणाला डोकं वर काढायला फुरसत नसते, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यातच हे उरकलेलं बरं.

दर तीन-चार महिन्यांनी एकदा सराव नेहमीच्या माणसाऐवजी दुसऱ्याकडून करून घ्यावा. सचिवांनी बाजूला बसायचं, बोलायचं नाही. क्लार्कने फक्त लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचून हिशेब उभा करायचा. तो जिथं अडेल, तिथं लिहिण्यात कमी आहे असं समजा. कॉम्प्युटर नेमका सचिव आजारी असताना किंवा मुलीच्या लग्नात असतानाच बंद पडतो.

किती मागे जाल, किती वेळ बंद राहाल?

सरावातून दोन आकडे हाती येतात आणि ते संचालक मंडळाला माहीत असायला हवेत.

पहिला आकडा, किती मागे जावं लागेल. बॅकअप रोज रात्री होत असेल आणि कॉम्प्युटर दुसऱ्या संध्याकाळी गेला, तर दोन वेळचं संकलन पुन्हा हाताने भरावं लागेल. पावत्यांची दुसरी प्रत संस्थेत राहत असेल तर ते जमतं. आठवड्याला एकदाच बॅकअप असेल तर आठवड्याचं भरावं लागेल. पतसंस्थेत रोजची पिग्मी गोळा होत असेल तर दिवसातून दोनदा बॅकअप घेणं शहाणपणाचं.

दुसरा आकडा, किती वेळ बंद राहावं लागेल. इथं दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं उदाहरण बोलकं आहे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. रुग्ण नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सगळं बंद. हल्ल्यापासून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णालयाचा डेटा परत मिळाला, म्हणजे बॅकअप कामाला आला. तरीही ऑनलाइन सेवा सावरायला दोन आठवड्यांच्या आसपास गेले. तोवर देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात केसपेपर हाताने लिहिले गेले.

प्रत असणं एक आणि ती वेळेत उभी करणं दुसरं. दूध बिलाला दोन दिवस उशीर लोक सोसतील. खरिपाच्या पीककर्ज वाटपात सोसायटी आठ दिवस बंद राहिली तर पेरणी थांबते, बियाणं-खत उधारीवर घ्यावं लागतं. म्हणून आपल्याला किती वेळ परवडतो ते आधी ठरवा आणि सरावात लागलेला वेळ त्याच्याशी ताडून पाहा.

प्रत ठेवायची कुठे?

कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह एकाच टेबलाच्या खणात असले तर चोरी, आग, पुराचं पाणी दोन्ही एकदम नेतं. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून अख्खी इमारत जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच ठिकाणी होता, त्यांच्यापैकी काहींचं सगळंच गेलं.

यासाठी जाणकार 3-2-1 चा नियम सांगतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. गावच्या संस्थेत याचा अर्थ सोपा आहे. एक डेटा चालू कॉम्प्युटरमध्ये, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी कुलूप लावून, म्हणजे पासवर्डसह, संस्थेच्या इमारतीबाहेर ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर किंवा संस्थेच्या नावाने घेतलेल्या ऑनलाइन जागेत. पासवर्ड बंद पाकिटात चेअरमनकडे.

आणखी एक. बॅकअप घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा. खंडणी मागणारे व्हायरस कॉम्प्युटरबरोबर जोडून ठेवलेल्या पेन ड्राइव्हलाही कुलूप घालतात. जुलै 2024 च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या जवळपास 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ थांबले होते. हे फक्त शहरातल्या मोठ्यांनाच होतं, असं मानायचे दिवस गेले.

सरावाच्या वेळी दर वेळी एकच प्रत तपासू नये. एका महिन्यात हार्ड डिस्क, पुढच्या महिन्यात बाहेर ठेवलेली. कधी तीन-चार आठवड्यांपूर्वीची जुनी प्रतही काढून बघावी. एखादी चुकीची नोंद पंधरा दिवसांनी लक्षात आली, तर तेव्हा कालची प्रत कामाची नसते, त्याआधीची लागते. एकाच पेन ड्राइव्हवर रोज पुसून नवीन ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

"आमचं ऑनलाइन आहे" म्हणणाऱ्यांसाठी

केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांची मंजुरी दिली. सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर, अशी ही योजना. खासगी कंपन्यांची ऑनलाइन सॉफ्टवेअरंही दूध संस्था, पतसंस्थांत वाढली आहेत. तिथं डेटा संस्थेच्या कॉम्प्युटरवर नसतो. बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही पुरवणाऱ्याच्या हाती.

तरीही जबाबदारी संपत नाही, फक्त तिचं रूप बदलतं. खासगी सॉफ्टवेअर घेणाऱ्या संस्थेने कराराच्या वेळी लेखी विचारावं: बॅकअप किती वेळाने होतो, कुठे राहतो, शेवटचं रिस्टोअर कधी करून पाहिलं, त्याला किती वेळ लागला, आणि करार संपला तर आमचा डेटा आम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल. याशिवाय महिनाअखेर खातेनिहाय बाकी यादी उतरवून आपल्याकडे ठेवावी, मार्चअखेरची तर छापून सह्यांनिशी.

रिझर्व्ह बँकेने 7 नोव्हेंबर 2023 रोजी व्यापारी बँकांसाठी काढलेल्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या निर्देशांत बॅकअपमधला डेटा ठरावीक काळाने रिस्टोअर करून तो वापरण्याजोगा आहे का हे तपासायला सांगितलं आहे. महत्त्वाच्या यंत्रणांची आपत्तीतून सावरण्याची रंगीत तालीम किमान सहा महिन्यांतून एकदा घ्यावी, असंही त्यात आहे. गावची पतसंस्था किंवा दूध संस्था या निर्देशांच्या कक्षेत येत नाही. पण पैसे ठेवणारा आणि दूध घालणारा माणूस तोच आहे. मोठ्या बँकेला जे आवश्यक वाटतं, ते आपल्याला अनाठायी कसं?

सभासदांनी काय करावं?

सभासदाने आपल्या पावत्या आणि पासबुक जपावं. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पुसट होते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दहा दिवसांच्या बिलावर उचल आणि कपातीची बाकी छापून येते का, हे बघावं. येत नसेल तर मागावी. कॉम्प्युटर गेलाच तर वाद याच दोन आकड्यांवरून होतात.

आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न विचारावा. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थांना ही सभा घ्यावी लागते. अहवाल वाचन, नफा वाटणी, लाभांश यावर चर्चा होतेच. त्यातच विचारायचं: "बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला? त्या दिवशी तेरीज जुळली का? नोंदवही दाखवा."

हा प्रश्न सचिवांवर अविश्वास म्हणून नाही. सुरुवातीच्या दूध संस्थेत हा प्रश्न कोणी एकदा विचारला असता, तर दोन केबीची ती फाइल अर्ध्या तासात सापडली असती आणि दीड वर्ष इमानाने काम करणाऱ्या माणसाला घरोघरी जाऊन पुसट पावत्या मागाव्या लागल्या नसत्या. त्या संस्थेत आता दर महिन्याच्या पाच तारखेला, संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर, जुन्या कॉम्प्युटरवर हिशेब उभा करून पाहिला जातो. तेरीज जुळली की नोंदवहीत सचिव आणि एक संचालक सही करतात, मग कार्यालयाला कुलूप लागतं.